ढोबळी मिरची

मिरचीच्या कुळात जन्म घेऊनही तिखटपणाचा लवलेश अंगी नसलेली अशी एक मिरची आहे. मराठी माणसाने तिला ढोबळी म्हटले. कोणाला तिच्यात लहानशा भोपळ्याचा आकार दिसला, म्हणून तिचे भोपळी हेही नाव पडले. उत्तरेकडे ती शिमल्याच्या नावाने ओळखली जाते. इंग्रजी अमदानीत तिकडच्या थंड डोंगरांत तिची लागवड झाली, त्याची ती खूण मानतात. या तिन्ही नावांत कौतुक असे कोठेच नाही. ‘ढोबळ’ या शब्दाला तर मराठीत बेडौल, बारकावे नसलेले, असाच अर्थ चिकटलेला आहे. लवंगी मिरचीचा ठसका म्हणीसारखा लोकांच्या तोंडी बसला. ढोबळीच्या वाट्याला आली ती डाळीचे पीठ पेरलेल्या भाजीची कढई.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असा एक समज आहे. वस्तुतः तो असतो बिया ज्या पांढऱ्या, मऊ गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात. तेथे कॅप्सेसिन नावाचे द्रव्य तयार होते आणि शेजारच्या बियांना त्याचा संसर्ग होतो, इतकेच. ढोबळ्या मिरचीत हे द्रव्य घडविण्याची क्रिया आनुवंशिक कारणाने बंद पडलेली असते. निसर्गात असे झाड फार काळ टिकले असते की नाही, याची शंकाच आहे. कारण तिखटपणा हे मिरचीचे संरक्षण आहे. उंदीर, घुशी यांसारखे प्राणी फळ खाताना बिया चावून टाकतात आणि बियांचा नाश होतो. पक्षी त्या अख्ख्या गिळतात व दूरवर नेऊन टाकतात. म्हणून मिरचीने असा तिखटपणा साधला, की जो प्राण्यांच्या जिभेला झोंबावा आणि पक्ष्यांना मुळीच जाणवू नये. पोपट पिकल्या मिरचीवर आवडीने चोच मारतो, त्यात त्याचे धैर्य मुळीच नाही. तिखट म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते.

या संरक्षणाला मुकलेली मिरची माणसाने जोपासली, तिचे बी राखले, तिला मोठी, जाड सालीची आणि पोकळ पोटाची केली. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोच्या परिसरातील लोक सहा हजार वर्षांहून अधिक काळापासून तिची शेती करीत आले. १४९२ साली कोलंबस पश्चिमेच्या वाटेने हिंदुस्थान शोधण्यास निघाला तो मिऱ्यांसारख्या मसाल्यांच्या आशेने. मिरी त्याला मिळाली नाही, मिळाली मिरची. युरोपियनांनी मग मिरीचेच नाव तिला दिले. मौज अशी, की मराठीतही तेच घडले. ‘मिरची’ हा शब्द ‘मिरी’वरूनच आला. हंगेरी देशात तिला ‘पॅप्रिका’ म्हणतात. त्या शब्दाचा माग काढीत गेले तर तो लॅटिन व ग्रीक भाषांच्या दारांवरून थेट आपल्या ‘पिंपळी’पाशी येऊन थांबतो. अमेरिकेतील फळाला हिंदुस्थानी नाव घेऊन युरोपात नांदावे लागले.

हिंदुस्थानात मिरची आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, सोळाव्या शतकात. येथे इतिहासाचा एक विलक्षण उपहास आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. परतीच्या प्रवासात अरबी समुद्र ओलांडण्यास त्याच्या जहाजांना सुमारे तीन महिने लागले. त्या काळात खलाश्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंगावर काळेनिळे डाग उमटले आणि तीसएक माणसे दगावली. हा स्कर्व्ही नावाचा रोग. ताजी फळे व भाजीपाला दीर्घकाळ न मिळाल्याने तो होतो, हे तेव्हा कोणासही नीट ठाऊक नव्हते. पुढील तीन शतके या रोगाने समुद्रावर जेवढे बळी घेतले, तेवढे वादळांनी किंवा लढायांनीही क्वचितच घेतले असतील. ताज्या मिरचीत या रोगाचा प्रतिकार करणारे द्रव्य भरपूर असते. ज्या दर्यावर्दी लोकांनी ती जगभर पोहोचविली, तेच तिच्या अभावी मरत होते! १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रज नौदलातील वैद्याने बारा आजारी खलाश्यांच्या जोड्या करून त्यांना निरनिराळे उपाय दिले. संत्री व लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही लिंबाचा रस नौदलात नियमाने दिला जाऊ लागला तो १७९५ नंतर. आणि लिंबात नेमके काय असते, हे कळण्यास आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ती हकीकत पुढे यावयाचीच आहे. कारण तिचा शेवट एका मिरचीपाशी होतो. तत्पूर्वी मिरचीच्या रंगांकडे वळले पाहिजे.

शहरांतील भाजीबाजारात आज हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांच्या ढोबळ्या मिरच्या मांडलेल्या दिसतात. दुकानदार लाल-पिवळ्या मिरच्यांना पातळ कागदात गुंडाळून, हिरवीपासून दूर, विलायती फळांच्या शेजारी मानाने ठेवतो. या निरनिराळ्या वनस्पती असाव्यात असे ग्राहकाला वाटते. तसे नाही. हिरवी मिरची ही बहुधा लाल किंवा पिवळ्या मिरचीचे बालपण असते. जोवर बिया कोवळ्या असतात तोवर फळ पानांच्या रंगात दडून राहते. बिया तयार झाल्या, की साल आपले हरितद्रव्य मोडून टाकते आणि नवे रंग घडवू लागते. मधल्या अवस्थेत ती चॉकलेटी, मळकट, ठिपक्याठिपक्यांची दिसते, आणि तशा स्थितीत तिला बाजारात कोणी विचारीत नाही. पुढे ती लालभडक होते. काही वाणांचा शेवट पिवळ्या रंगात होतो, काहींचा नारिंगीत. म्हणजे पिवळी ही हिरव्या आणि लाल यांच्यामधली पायरी नव्हे. तो एक निराळा मुक्काम आहे. जांभळे व फिकट पांढरे वाणही आहेत. त्यांतील जांभळा शिजताच मावळतो, त्यामुळे स्वयंपाकघरात त्याची प्रतिष्ठा तव्यापर्यंतच टिकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कच्चा आंबा अढीत घालून पिकविता येतो. हिरवे केळे किंवा टोमॅटो घरात ठेवले तरी रंग धरतात. ढोबळ्या मिरचीला अढी नाही. रंग फुटू लागलेले फळ तोडले तर ते थोडेफार पुढे जाते. परंतु पुरते हिरवे फळ तोडले, की त्याचे पिकणे तेथेच संपते. मग ते फार तर सुरकुतेल, लाल होणार नाही. लाली हवी असेल तर ती झाडावरच मिळवावी लागते, आणि त्यासाठी शेतकऱ्याला आणखी दोनतीन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ थांबावे लागते. हे थांबणे फुकटचे नसते. झाडावर फळे पिकत राहिली की नवी फुले कमी धरतात. उन्हाने सालीवर चट्टे पडतात, अळी शिरते, अवकाळी पावसाने कूज लागते. म्हणून पुणे, नाशिक अशा भागांतील शेतकरी रंगीत मिरची शेडनेटमध्ये किंवा पॉलिहाऊसमध्ये घेतात, तिच्या फांद्यांना दोऱ्यांचा आधार देतात आणि पाणी व खते थेंबाथेंबाने मुळाशी पोहोचवितात. या साऱ्या खर्चाची आणि धोक्याची बेरीज म्हणजे लाल मिरचीची किंमत. ग्राहक त्या किमतीला नावे ठेवतो तेव्हा तो बहुधा रंगाचा भाव मोजीत असतो. शेतकऱ्याने मोजलेले दिवस त्याच्या हिशेबात येत नाहीत. तळाशी तीन उंचवटे असलेली मिरची नर व चार असलेली मादी, अशीही एक समजूत अलीकडे पसरली आहे. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, हे पाचवी-सहावीतील मुलालाही फूल उलगडून पाहता येईल.

आता पुन्हा त्या हकीकतीकडे वळू. वांगे चिरून ठेवले तर पाहता पाहता काळे पडते. म्हणून चिरलेल्या फोडी पाण्यात टाकण्याची घरोघर रीत आहे. सफरचंद व बटाटा यांचीही तीच गत. ढोबळी मिरची मात्र चिरून तासभर ठेवली तरी तिची कड काळवंडत नाही. हजारो गृहिणींनी हे रोज पाहिले असेल. हंगेरीतील एका शास्त्रज्ञाला असल्याच घरगुती दृश्याने आयुष्यभर पुरेल असा प्रश्न दिला. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे त्यांचे नाव. काही फळे चिरल्यावर काळी पडतात आणि काही पडत नाहीत, हे का? न काळवंडणाऱ्या फळांच्या रसात असे काही द्रव्य असले पाहिजे, की जे काळेपणा आणणाऱ्या क्रियेला थोपवून धरते. हे द्रव्य त्यांना बैलांच्या अधिवृक्क ग्रंथींत सापडले, संत्र्यांत सापडले, कोबीतही सापडले. पण हाती आले ते चिमूटभरच. ते शर्करेच्या जातीचे दिसत होते, परंतु ते नक्की काय हे उमगत नव्हते. केंब्रिजला असताना त्यांनी आपला शोधनिबंध पाठविला तेव्हा त्यात या द्रव्याला ‘इग्नोज’ असे नाव दिले. ‘ठाऊक नाही’ या अर्थाच्या शब्दाला शर्करांच्या नावांचे शेपूट जोडलेले! संपादकांना ही थट्टा रुचली नाही. त्यांनी दुसरे नाव मागितले. तेव्हा सेंट-ग्यॉर्गी यांनी सुचविले ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’. अखेर १९२८ साली ‘हेक्झ्युरॉनिक आम्ल’ या गंभीर नावाखाली तो निबंध छापला गेला.

मग ते अमेरिकेत गेले. तेथील कत्तलखान्यांतून ग्रंथी मिळवून त्यांनी दीर्घकाळ खटपट केली आणि सुमारे पंचवीस ग्रॅम शुद्ध द्रव्य गोळा केले. त्यातील काही भाग त्यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ यांच्याकडे रेणूची रचना ठरविण्यासाठी दिला. तो पुरला नाही. सेंट-ग्यॉर्गी मायदेशी परतून सेगेद येथील विद्यापीठात रुजू झाले. तेथे जोसेफ स्विरबेली या तरुण सहकाऱ्याने गिनीपिगांवर प्रयोग केले. माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही स्कर्व्ही होतो. ज्यांना हे द्रव्य दिले ते जगले व वाढले; ज्यांना दिले नाही ते रोगाने मेले. लिंबाच्या रसात खलाश्यांना वाचविणारे जे होते, ते हेच. ज्याला जग ‘क’ जीवनसत्त्व म्हणून शोधीत होते, ते गेली काही वर्षे बाटलीत बंद होऊन एका शास्त्रज्ञाच्या कपाटात पडले होते! १९३२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील चार्ल्स किंग यांनी आणि सेगेदच्या या जोडीने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने हे जाहीर केले. मान कोणाचा, यावर पुढे बराच वाद झाला. पण वाद घालण्यापुरतेही द्रव्य आता शिल्लक नव्हते. रचना ठरवावयाची, इतर शास्त्रज्ञांना नमुने द्यावयाचे, तर ते आणावयाचे कोठून?

टिसा नदीच्या काठचे सेगेद हे गाव पॅप्रिकेसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शरद ऋतूत लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या दिसतात. एका संध्याकाळी सेंट-ग्यॉर्गी यांच्या पत्नीने रात्रीच्या जेवणात ताजी लाल मिरची वाढली. त्या दिवशी त्यांना ती खावीशी वाटत नव्हती. पत्नीला तसे सांगण्यापेक्षा सुटकेची वाट शोधावी म्हणून ते मिरचीकडे पाहत बसले, आणि एकाएकी त्यांच्या मनात आले, की सगळ्या वनस्पती धुंडाळल्या, हीच तेवढी तपासली नाही. ताटातील मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कळून चुकले, की ‘क’ जीवनसत्त्वाचे भांडारच आपल्या हाती लागले आहे. ही हकीकत ते स्वतःच सांगत असत, आणि सांगताना आपल्या भित्रेपणाचे श्रेय मान्य करीत. थोड्याच आठवड्यांत त्यांच्यापाशी किलोहून अधिक शुद्ध स्फटिक जमा झाले. अमेरिकेतील साऱ्या खटपटीतून मिळाले होते पंचवीस ग्रॅम! ते स्फटिक त्यांनी मागेल त्या शास्त्रज्ञाला मोकळ्या हाताने वाटले. हॉवर्थ यांनी रेणूची रचना उलगडली. १९३३ साली त्या द्रव्याला ‘अॅस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थच ‘स्कर्व्हीला प्रतिबंध करणारे’ असा आहे.

सेगेदची पॅप्रिका आणि आपली ढोबळी मिरची या एकाच वनस्पतिजातीच्या बहिणी होत. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळ्या मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि लाल मिरचीत १३० च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या घरात भरते. प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ९० मिलिग्रॅम धरतात. वाण, हवा आणि तोडणीची वेळ यांप्रमाणे हे आकडे खालीवर होतात, परंतु पिकताना हे सत्त्व वाढते हे खरे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वज असलेले बीटा-कॅरोटीन तर लाल मिरचीत हिरवीच्या सुमारे आठपट असते. साखरही वाढते, लाल मिरची गोडसर लागते आणि हिरवी किंचित कडवट, त्याचे कारण तेच. बाकी फळाचा नऊदशांशांहून अधिक भाग पाणीच असतो.

तथापि रंग पाहून पोषण ओळखता येईल असे कोणी समजू नये. पिवळी मिरची ‘क’ जीवनसत्त्वात लाल मिरचीला हार जात नाही. पण बीटा-कॅरोटीन तिच्यात हिरवीपेक्षाही कमी असू शकते. तिचा पिवळेपणा ज्या द्रव्यांचा असतो त्यांपासून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व घडविता येत नाही. एवढेच नव्हे, तर लाल मिरचीची ती डोळ्यांत भरणारी लालीसुद्धा बीटा-कॅरोटीनची नसते. ती असते कॅप्सँथिन या द्रव्याची, आणि त्यापासूनही ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही. हे कॅप्सँथिन मिरचीच्या कुळाबाहेर क्वचितच आढळते. तेही प्रथम वेगळे काढले हंगेरीतच, पेच नावाच्या नगरात, त्सेखमाइस्टर व चोल्नोकी या दोघांनी १९२७ साली. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गी यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी रसायनशास्त्राचे पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. एक हॉवर्थ, ज्यांनी ‘क’ जीवनसत्त्वाची रचना उकलली. आणि दुसरे पॉल कारर, ज्यांनी कॅरोटीनच्या वर्गातील रंगद्रव्यांचा अभ्यास केला होता. मिरचीच्या पोटातील सत्त्वाचा आणि तिच्या सालीतील रंगाचा सन्मान असा एकाच वर्षी झाला.

म्हणून ज्याला परवडेल त्याने लाल मिरची खुशाल घ्यावी. परंतु हिरवी घेणाऱ्याच्या ताटात काही उणे पडते असे नाही; एक मध्यम मिरची कच्ची खाल्ली तरी त्या दिवसाचे ‘क’ जीवनसत्त्व पुष्कळसे भागते. शिवाय ज्या प्रदेशात आवळा व पेरू पिकतात, तेथे या सत्त्वासाठी महागड्या फळाकडे जाण्याची गरज कोणालाच नसते. खरा फरक पडतो तो स्वयंपाकघरात. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते. चिरलेली मिरची धुतली, भरपूर पाण्यात शिजविली आणि पाणी ओतून दिले, की त्यातील बराच भाग मोरीत जातो. कॅरोटीनचा स्वभाव याच्या उलट. त्याला पाण्याचे भय नाही. शिजल्यावर ते पेशींतून मोकळे होते आणि तेलाची सोबत मिळाली तर शरीरात अधिक चांगले शोषले जाते. आपल्याकडची पीठ पेरलेली भाजी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मिरची आधी धुऊन मग चिरतात. फोडणीला तेल सढळ असते. पाण्याचा नुसता हबका मारतात. वर डाळीचे पीठ पेरून झाकण ठेवतात आणि दोन वाफा आल्या की कढई उतरवितात. जीवनसत्त्व हा शब्द मराठीत येण्यापूर्वीच्या फोडण्यांचीही हीच रीत होती. त्यातच मिरची चिरताना दोनचार चकत्या बाजूला काढून, मीठ-लिंबू लावून कोशिंबिरीत घातल्या, तर आचेने जे जाईल तेही ताटात येते. आणि तेथे हिरवीच्या जोडीला लाल चकती असली, तर ताटाची डावी बाजू अधिक खुलून दिसते.